‘सोड’ म्हटल्यावरच सोडायचं : पाण्याला घाबरणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीत पावसाळा लागला की माणसं एकमेकांना ‘जेवलात का’ विचारायच्या आधी ‘आयर्विनला किती फूट?’ असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं. त्या वेळी ज्यांना बोटीतून घराबाहेर पडावं लागलं, त्यांतल्या एका घरातली ही मुलगी. तिला मनू म्हणू. नाव बदललं आहे, घरचे दोन-चार तपशीलही बदलले आहेत.

पूर आला तेव्हा मनू दीड वर्षाची होती, म्हणजे तिला स्वतःला त्यातलं काही आठवत नाही. पण त्यांच्या हॉलच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून आहे. रंग दिला तरी दमट दिवसांत ती वर येते, आणि दर जुलैला घरात तोच विषय निघतो. तेव्हाच आईने ठरवलं होतं की पोरीला पोहायला आलंच पाहिजे.

एप्रिल २०२४ मध्ये, सहा वर्षं पूर्ण झाल्यावर, मनू आमच्या तलावावर उन्हाळी बॅचला आली. बॅच २१ दिवसांची, रोज पाऊण तास. मी तिथे चौदा वर्षं लहान मुलांना शिकवते. मुलं मला ताई म्हणतात आणि पालक मॅडम. आमच्याकडे सव्वादोन फुटांचा बेबी टँक आहे आणि शेजारी मोठा टँक. मोठ्याची उथळ बाजू साडेतीन फूट. मनूची उंची ३ फूट ८ इंच, म्हणजे त्या उथळ बाजूला ती तळाला पाय टेकवून उभी राहिली तर पाणी तिच्या डोळ्यांवर जातं. आम्ही सगळे त्याला ‘शॅलो’ म्हणतो. कोणासाठी शॅलो, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

तिला आणायला-सोडायला आजोबा यायचे. आबा मूळचे वाळवा तालुक्यातले शेतकरी. पेठच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं, ते भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण, हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. त्यांच्या लेखी वाळवा तालुक्यातलं पोर पाण्याला भितं ही तालुक्याची बदनामी होती.

अडचण

पहिले दोन दिवस मनू सकाळी सातच्या बॅचला आली. कॉश्चूम नवा, गॉगल नवा, दंडात फुगवायचे केशरी फुगे. ती काठावर बसली, पाय घोट्यापर्यंत पाण्यात घातले आणि उजव्या हाताने शिडीची दांडी धरली, ती पाऊण तास सोडली नाही. रडली नाही की हट्ट केला नाही. बोलावलं की मान हलवायची, पण जागची हलायची नाही.

आम्ही शिकवणारे अशा मुलांची झटकन वर्गवारी करतो: ‘लाडावलेली’, ‘दोन दिवसांत होईल’, ‘हिला ढकलल्याशिवाय जमायचं नाही’. मी तिला दुसऱ्या वर्गात टाकून मोकळी झाले होते.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट दिसली. आमचा शिपाई फरशीवर पाणी मारत मनूच्या मागून गेला. ती गर्रकन वळली आणि तो लांब जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. मग दुसरी एक मुलगी मागून पळत गेली, तेव्हाही तसंच. समोर पाणी होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती पाठीमागे कोण आहे ते बघत होती.

संध्याकाळी आईला फोन करून विचारलं, हिला कधी कोणी पाण्यात ढकललं होतं का? आई आधी नाही म्हणाली. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. आदल्या वर्षी सगळे सहलीला गेले होते, तिथल्या टँकवर मामाने गंमत म्हणून मागून ढकललं होतं. भीती मोडते म्हणून. मामाने लगेच बाहेरही काढलं होतं. दोन घोट पाणी गेलं, थोडी रडली, मग भजी खाल्ली. “ती विसरली असेल असं वाटलं मला,” आई म्हणाली. मनूने त्यानंतर त्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

म्हणजे पुराच्या गोष्टींनी तिच्या मनात पाणी आधीच मोठं झालं होतं, त्यात हा धक्का. आणि आम्ही तिला बसवलं होतं नेमकं काठावर, पाठ उघडी टाकून.

कोणते पर्याय होते

चौथ्या दिवशी तलावाबाहेरच्या लिंबाखाली बाकावर आई, बाबा, आबा आणि मी बसलो. प्रत्येकाचं मत निराळं होतं.

बाबांचं म्हणणं, आहे त्याच बॅचमध्ये राहू दे, बाकीची मुलं बघून शिकेल. यात तथ्य आहे. बरीच मुलं शेजारच्याचं बघूनच पहिली बुडी मारतात. पण मनू इतरांकडे बघतच नव्हती.

आईला वाटत होतं, एक वर्ष थांबावं. मी याला निम्मी तयार होते. पण सहा वर्षांपुढच्या शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यातून नदीकाठचं घर. शिवाय दांडी धरून बसलेली असतानाच पाणी सोडलं तर पुढच्या वर्षी ती तिथूनच सुरू करणार, हा माझा अनुभव.

आबांचा पर्याय सरळ होता. “आमच्या टायमाला कोन शिकवाय हुतं मॅडम? चुलत्यानं उचललं आन् टाकलं हिरीत. नाकातोंडात पानी गेलं की आपसूक हात हालत्यात.”

मला उलट बोलायचं नव्हतं, म्हणून मी विचारत गेले. त्या दिवशी पहिल्यांदाच विहिरीवर गेला होता का? नाही, त्याआधी आठ-दहा दिवस पायऱ्यांवर बसून थोरल्यांचं बघायचे. अंगाला काही बांधलं होतं? पाठीला वाळका भोपळा आणि कमरेला दोर. दोर कोणी धरला होता? वडिलांनी. आणि चुलते? “त्यो आदीच खाली पान्यात हुता की.” म्हणजे पाण्यात एक जाणता माणूस, वर दोर धरलेला बाप, पाठीला भोपळा आणि आठ-दहा दिवसांची ओळख. यातलं सगळं गळून पडून आबांच्या आठवणीत तेवढं ‘टाकलं’ उरलं होतं. ते सांगता सांगता आबाच जरा थांबले.

एक गोष्ट मी तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते. ढकलून शिकलेली माणसं आपल्याला भेटतात आणि अभिमानाने सांगतात. ढकलल्यामुळे ज्यांनी पाणी कायमचं सोडलं ती तलावावर फिरकतच नाहीत, मग त्यांची मोजदाद कोण करणार?

चौथा पर्याय एकटीला शिकवण्याचा. त्याची फी बाबांना परवडली असती, पण मलाच तो नको होता. एकट्या मुलावर सगळ्यांचे डोळे असले की ते आणखी आखडतं. शेवटी ठरलं ते असं: संध्याकाळी पाचची बॅच, बेबी टँक, गटात चारच मुलं, आणि २१ दिवसांत अमुक इतकं पोहेल असं कोणतंही वचन नाही. हे शेवटचं बाबांना पटलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

सकाळऐवजी संध्याकाळ घेण्याचं कारण अगदी साधं, ते म्हणजे थंडी. लहान अंगाची ऊब मोठ्यांपेक्षा फार लवकर जाते. स्पर्धेच्या टँकचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, ते जोरात पोहणाऱ्यांसाठी. नुसत्या उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलीला ३० च्या वरचं पाणी लागतं. आमचा उघडा बेबी टँक एप्रिलच्या उन्हात दिवसभर तापतो, पाच वाजता पाणी कोमट असतं. पहिल्या दोन दिवसांत मनूचे दात वाजत होते आणि मी त्यालाही भीतीच समजले होते.

काय केलं

पहिला बदल बसण्याच्या जागेत. काठावर बसवायचं बंद केलं. बेबी टँकच्या कोपऱ्यात पायऱ्या आहेत, तिथे दुसऱ्या पायरीवर मनू बसायची, पाठ भिंतीला टेकवून. मागे कोणी येऊच शकत नाही. त्या दिवशी दहा मिनिटांत तिचा हात दांडीवरून सुटला. मी काही शिकवलं नव्हतं.

बाबांना जाळीपासून लांब बसवावं लागलं. ते बाहेरून ‘हात मार, हात मार’ ओरडायचे. आई मात्र दिसेल अशी, समोरच्या बाकावर. तिला मी एकच काम दिलं होतं, की मनूने पाहिलं तर हसायचं आणि बोलायचं नाही. आईच्या मते हे अख्ख्या बॅचमधलं सगळ्यात अवघड काम होतं.

घरी आंघोळीच्या वेळी मनूने स्वतःच्या हाताने डोक्यावर तांब्या ओतायचा, दुसऱ्या कोणी नाही. आणि बादलीत तोंड घालून ‘हम्म्म’ असा आवाज काढायचा. ओठ मिटून हम्म म्हटलं की हवा नाकातून बाहेर येते आणि पाणी आत शिरत नाही. ‘नाकातून श्वास सोड’ असं सहा वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही, मधमाशीसारखं गुणगुण म्हटलं की कळतं. हे सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने येऊन सांगितलं, “ताई, बादलीत माझा आवाज म्हशीसारखा येतो.” ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

मग उभं राहणं. बहुतेक ठिकाणी आधी तरंगायला शिकवतात. मी तिला तरंगण्याच्या आधी पाण्यातून परत उभं राहायला शिकवलं. पालथं पडलेलं मूल घाबरलं की पहिल्यांदा डोकं वर काढतं. डोकं वर गेलं की पाय खाली बुडायला हवेत, पण लहान मुलं त्याच वेळी पायही झाडतात, आणि मग ना धड तरंगणं ना धड उभं राहणं. म्हणून क्रम पाठ करून घेतला: गुडघे पोटाशी, हातांनी पाणी खाली दाबायचं, मग डोकं वर, मग पाय टेकवायचे. आधी पायरीला धरून, मग माझे हात धरून, मग काहीच न धरता. आम्ही त्याला ‘कासव उठलं’ म्हणायचो. एका संध्याकाळी तिने ते तीस-चाळीस वेळा केलं असेल. शेजारची मुलं तोवर बोर्ड धरून पाय मारत होती आणि बाबा लांबून बघत होते.

सहाव्या दिवशी दंडातल्या फुग्यांचा प्रश्न आला. फुगे घातलेलं मूल पाण्यात उभं लोंबकळतं, आडवं होत नाही, त्यामुळे पोहण्याची ठेवण अंगात येत नाही. आणि फुगे काढले की त्याला वाटतं, पोहत होते ते फुगेच. आमच्यात एक जुनी युक्ती आहे. मुलाला न सांगता रोज थोडी हवा कमी करायची आणि एक दिवस सांगायचं, बघ, रिकाम्या फुग्यांनी पोहलास! मीही हे पुष्कळदा केलं आहे आणि ते चालतंही. पण मनूच्या बाबतीत मन घेईना. जिला एकदा न सांगता पाण्यात टाकलं, तिची हवा न सांगता कशी काढायची?

तेव्हा तिलाच विचारलं. आज किती हवा ठेवायची? तिने उजव्या फुग्याचं बूच उघडलं, दोन बोटांनी दाबलं. फुस्स आवाज झाला तशी घाईने बूच लावलं. थोडा विचार केला आणि मग डाव्याचं उघडलं. तीन दिवसांत दोन्ही फुगे चपटे झाले. नवव्या दिवशी तिने ते पिशवीतून बाहेरच काढले नाहीत.

नववा दिवस: माझी चूक

त्या दिवशी सगळं जुळून आलं होतं. मनू माझ्या दोन्ही हातांवर पालथी आडवी झाली, तोंड पाण्यात, नजर तळाच्या निळ्या फरशीवर. मान सैल आणि पायही वर. मी म्हणाले होते, “मी धरलंय. सोडणार नाही.” आणि तिचं अंग इतकं हलकं झालं की मी सोडलं.

ती चार सेकंद एकटी तरंगली. अगदी सुरेख. मग ‘कासव उठलं’ करून उभी राहिली. काठावर टाळ्या पडल्या. आबांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं, ते ‘जमलं गं बाय, जमलं!’ करत जाळीपर्यंत आले. मनूने माझ्या हातांकडे पाहिलं. ते तिच्यापासून वावभर लांब होते. मग ती पायरीवर गेली, भिंतीला पाठ लावून बसली आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात आली नाही.

पुढचे तीन दिवस ती आलीच नाही. आबांनी तो व्हिडिओ सगळ्या भावकीला पाठवला होता. घरी पाहुणे आले की मनूला तो दाखवायचे आणि ती उठून आत जायची, हे मला आईने नंतर सांगितलं.

मी त्या तीन दिवसांत स्वतःची समजूत काढत होते. सगळेच असं सोडतात, सायकल शिकवतानाही मागून सोडतातच की. पण सायकल शिकणाऱ्या मुलाला मामाने आधी घाटातून ढकललेलं नसतं. मी तेच केलं होतं जे त्याने केलं होतं, फक्त हळू हाताने. पोहण्याच्या हिशेबाने ती चार सेकंद यश होती, म्हणून तर चूक आणखी दिसेना.

बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मनू दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर बसले आणि सांगितलं की मी सोडणार नाही म्हटलं आणि सोडलं, ते खोटं बोलणं झालं, चुकलं माझं. तिने विचारलं, “का सोडलंस?” मी म्हटलं, तुला येतंय असं मला वाटलं. ती म्हणाली, “मग मला विचारायचं ना.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथेच बसून आम्ही नियम ठरवला. मनू ‘सोड’ म्हणेल तेव्हाच सोडायचं आणि ‘धर’ म्हटलं की लगेच धरायचं. तोंड पाण्यात असेल तेव्हा बोलता येणार नाही, मग कसं? तिनेच सुचवलं: माझ्या मनगटावर एकदा टिचकी म्हणजे सोड, दोनदा म्हणजे धर.

तेराव्या दिवशी ती आली. त्या दिवशी एकदाही टिचकी वाजली नाही. पाऊण तास मी दोन्ही हात तिच्या पोटाखाली धरून उभी, पाठ भरून आली. चौदाव्या दिवशी एक टिचकी, आणि पुढच्याच क्षणी दोन. पंधराव्या दिवशी तिने एकाच संध्याकाळी अकरा वेळा सोडायला लावलं, त्यातली शेवटची माझ्या मोजणीने सात सेकंद. मध्येच ती मला तपासूनही बघायची. दोन टिचक्या मारायची आणि मी धरलं की पाण्यात हसायची. मला बुडबुड्यांवरून कळायचं.

मोठा टँक आणि चौरंग

सोळाव्या दिवसापासून मोठ्या टँकची सवय करायची होती. पण डोळ्यांवर पाणी येतं तिथे ‘कासव उठलं’चा उपयोग काय? उभं राहायला तळ हवा. मी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौरंग करून घेतला: चार फूट बाय तीन फूट, उंची दीड फूट, वर जाळी, पायांना रबर. चारही बाजू जाळीने बंद केल्या, कारण खालून मोकळा ठेवला तर एखादं मूल बुडी मारून खाली अडकायचं. त्यावर मनू उभी राहिली की पाणी कमरेला लागायचं. चौरंगापासून काठ हातभर, मग दोन हात, मग दोन मीटर.

अठराव्या दिवशी एक प्रसंग घडला, तो सांगायलाच हवा. मी चौरंगाच्या दुसऱ्या बाजूला दुसऱ्या मुलाचे पाय धरले होते. मनू न विचारता चौरंगावरून खाली उतरली. आवाज झालाच नाही. पाण्यात गडबडलेलं मूल हाका मारत नाही, तोंड वर येतं तेव्हा श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही. मी वळले तेव्हा केस पाण्यावर दिसत होते. मी पोचेपर्यंत तिने गुडघे पोटाशी घेतले होते आणि एक हात चौरंगाच्या कडेला लागला होता. वर आली, खोकली आणि म्हणाली, “मी बघत होते, जमतंय का.”

आबा खूश झाले, मी हादरले. भित्र्या मुलाची भीती कमी व्हावी म्हणून आपण धडपडतो, पण मुलाचं कौशल्य वाढायच्या आत भीती निघून गेली की तो सगळ्यात धोक्याचा आठवडा असतो. त्या दिवशी टिचकीच्या नियमाला दुसरी बाजू जोडली. मी तिला विचारल्याशिवाय सोडणार नाही, तशी तिनेही मला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. मनूने यावर घासाघीस केली. पायरीवर बसायलाही विचारायचं का? मी म्हटलं, हो, पायरीवरसुद्धा.

निष्पत्ती

२१ दिवसांपैकी मनू १८ दिवस आली. शेवटच्या दिवशी आमच्याकडे रुंदी पार करायची चाचणी असते, १२ मीटर. तिच्या बॅचमधल्या बऱ्याच मुलांनी ती कशीबशी पार केली. मनूने दिली नाही. तिला तेव्हा येत होतं ते एवढंच: पालथं आणि उताणं दहा सेकंद तरंगणं, एका कुशीवरून दुसरीकडे वळणं, दोन मीटरवरून काठाला परत येणं, बोर्ड धरून पाच मीटर पाय मारणं. बाबा नाराज होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. फी सारखीच, मग निकाल वेगळा का? मी त्यांना एवढंच सांगितलं की रुंदी पार केलेल्यांपैकी दोघांना मध्येच थांबून उभं राहायला सांगा. त्यांनी सांगून पाहिलं नाही.

मे अखेरीस आबा तिला गावाकडच्या विहिरीवर घेऊन गेले. जायच्या आधी त्यांनी फोन केला, ही माझ्या मते या प्रकरणातली मोठी गोष्ट. मी अटी घातल्या: पायऱ्या असलेलीच विहीर, पाण्यात एक पोहणारा माणूस, कमरेला दोर. आईने नंतर सांगितलेलं असं: काका पाण्यात होता, मनूच्या पाठीला पाच लिटरचे दोन रिकामे कॅन बांधलेले, वर काठावर आबा दोर धरून. मनू शेवटच्या पायरीवर उभी. आबांनी विचारलं, “सोडू का गं दोर?” ती म्हणाली, “थांबा, अजून नाही.” अर्ध्या तासात त्यांनी पाच-सहा वेळा विचारलं आणि तेवढ्याच वेळा तेच उत्तर मिळालं. शेवटी ऊन लागायला लागलं म्हणून दोघं वर आले. आबा चिडले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, “पोरगी इचारल्याबिगर दोर सोडू देत न्हाई.”

त्या पावसाळ्यात तलाव बंद होता. २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली आणि पहिल्याच आठवड्यात रुंदी पार केली, मध्ये एकदा उताणी होऊन दम खाऊन. पात्रात उतरायला मात्र तिला घरचं कोणी परवानगी देत नाही आणि देऊही नये. १२ मीटर स्थिर पाणी आणि जुलैची कृष्णा यांचा काही संबंध नाही, हे मी तिच्यासमोरच घरच्यांना सांगितलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

पहिले तीन दिवस मी वाया घालवले. मुलाची पाठ कुठे आहे, थंडी वाजते आहे का, नजर कुठे जाते, हे पहिल्या दहा मिनिटांत बघायला हवं होतं. आता बघते.

टिचकीचा नियम नवव्या दिवसानंतर आला, तो पहिल्या दिवशी यायला हवा होता. आणि तो फक्त भित्र्या मुलांसाठी नाही. आता सगळ्याच गटांना लावते. त्याने वेळ जास्त लागतो, हे खरं आहे. २१ दिवसांत रुंदी पार करणाऱ्यांची संख्या आमच्याकडे थोडी घटली आणि त्यावरून मला व्यवस्थापनाला उत्तर द्यावं लागलं. सगळ्या मुलांना इतक्या हळूपणाची गरज असतेच असंही नाही. काही जण पहिल्या दिवशी ‘सोड, सोड’ करत सुटतात.

बाबांशी निकालाबद्दल जास्त मोकळेपणाने बोलायला हवं होतं. ‘वचन नाही’ एवढं सांगणं पुरेसं नव्हतं. काय येईल, ते कसं दिसेल आणि बाहेरून बघणाऱ्याला ते काहीच वाटणार नाही, हे लिंबाखालीच सांगितलं असतं तर शेवटच्या दिवसाची कटुता टळली असती. आणि तो व्हिडिओ. आता बॅचच्या पहिल्या दिवशीच सांगते की मुलाला विचारल्याशिवाय चित्रण कोणाला पाठवू नका. ऐकतात निम्मेच.

अठराव्या दिवशी मी दुसऱ्या मुलात गुंतले असताना चौरंगावर एकटं मूल ठेवलं, ही चूक मला सगळ्यात जास्त बोचते. आता चौरंगावर मूल असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर असतो आणि त्याला दुसरं काम नसतं.

प्रवेशाच्या अर्जावर एक ओळ वाढवली आहे: ‘याआधी कोणी पाण्यात ढकललं होतं का?’ दर बॅचला दोन-तीन अर्जांवर ‘हो’ येतं. गेल्या उन्हाळ्यात एका अर्जावर वडिलांनी त्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘मुलाला नाही. मला.’ ते रोज मुलाला घेऊन यायचे आणि गेटबाहेर, गाडीवरच बसून राहायचे. बॅच संपायला चार दिवस उरले असताना त्यांनी विचारलं, मोठ्यांना शिकवता का? आणि तो चौरंग मोठ्यांचं वजन पेलेल का?